सून सासूला ‘आत्या’ म्हणत होती

बाळ पहिल्यांदा माझ्याकडे आणलं तेव्हा २४ दिवसांचं होतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. निफाड तालुक्यात फळछाटणीची धांदल, त्यामुळे वडील बागेत अडकलेले. आई आणि आजी एसटीने नाशिकला आल्या होत्या. तक्रार तशी रोजचीच. बाराव्या दिवसापासून शी पातळ, दिवसाला दहा-बारा वेळा, आणि चार दिवसांपासून तिच्यात रक्ताच्या रेघा. मुलगी. जन्माचं वजन २ किलो ७५० ग्रॅम, त्या दिवशीचं २ किलो ९००. आईचं दूध आणि आजीने उगाळलेली घुटी याखेरीज पोटात काही गेलेलं नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलले आहेत. बाकी प्रकरण घडलं तसंच.)

फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत रक्त दिसलं की बालरोगतज्ज्ञाला आधी आठवते ती गाईम्हशीच्या दुधाची अॅलर्जी. आई जे दूध पिते त्यातलं थोडं प्रथिन तिच्या दुधात उतरतं आणि बाळाचं आतडं त्यावर चिडतं. मी आईला दूध, दही, पनीर, झालंच तर दुधाचा चहाही बंद करायला सांगितला. बाळंतिणीचा चहा बंद करणं ही काय शिक्षा असते ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात विचारा. तिने तो केला. तीन आठवडे कोरा चहा पिऊन ती परत आली. रक्त थांबलं नव्हतं.

इथे मी चुकलो. दुधाची अॅलर्जी असलेलं बाळ, शीत रक्त जात असलं तरी, बहुतेक वेळा टुणटुणीत असतं. वजन घेतं, पाय झाडतं, हसतं. ही मुलगी तशी नव्हती. तिच्या वजनाच्या तक्त्यावरची रेघ जवळजवळ आडवी पडली होती. मी ती रेघ पाहिली आणि तरीही पहिल्याच निदानाला चिकटून राहिलो, फक्त वर पावडरचं दूध जोडलं. आधी प्रथिनं तोडलेलं, मग अमिनो आम्लांचं. ‘एक डबा म्हणजे बागेवरची एक फवारणी,’ असा हिशोब वडिलांनी मला पुढे कधीतरी सांगितला. ते डबे माझ्या हट्टापायी आले होते.

दहाव्या आठवड्यात गुदद्वाराशेजारी फोड आला. सर्जनने चिरा देऊन पू काढला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि त्याच्या तोंडातून शी झिरपायला लागली. भगंदर. हा आजार बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसांचा म्हणून आपण ओळखतो, तो तीन महिन्यांच्या बाळाला. जोडीला तोंडात छाले, मांड्यांवर पुळ्या, येऊन-जाऊन ताप. चौथा महिना संपला तेव्हा वजन ३ किलो ६००. त्या वयाची मुलगी साधारण सव्वासहा किलोची असते. हिमोग्लोबिन ७.४, प्लेटलेट ७ लाख, अंगातला दाह दाखवणारं सीआरपी ९६, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.२. शीच्या कल्चरमध्ये मात्र काहीच उगवत नव्हतं. अंगभर वणवा, आणि काडी लावणारा जंतू कुठेच नाही.

त्या संध्याकाळी ओपीडी उरकत आली होती. आई सामान गोळा करता करता म्हणाली, “आत्या, हिचं दुपटं तिकडं बाकावर राहिलं.”

आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतातच आणि सासऱ्यांना मामा. नात्यातल्या असोत नसोत, रीतच तशी आहे. त्यामुळे तीनेक महिने हा शब्द माझ्या कानांवरून जात होता आणि मी तो ऐकत नव्हतो. त्या दिवशी का कोण जाणे, विचारलं, “आत्या म्हणजे, सख्खी का?”

“सख्खीच की,” आजी म्हणाल्या. “हिच्या बापाची मी थोरली बहीण. माझ्या भावाची पोर मीच मागून आणली.”

मग मी फाईल मागे उलटली. पहिल्या भेटीच्या कागदावर माझ्याच अक्षरात ओळ होती: ‘दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा ५ महिन्यांचा असताना जुलाबाने दगावला.’ लिहून मी पुढे गेलो होतो. जुलाबाने बाळं दगावतात, हे आपल्या हाडीमाशी इतकं भिनलं आहे की त्या ओळीत मला प्रश्न दिसलाच नाही. आता विचारलं, त्याचे जुलाब कसे होते? आजी खाली बघत म्हणाल्या, “असेच. रगत पडायचं. त्यालापण तिथंच फोड आला होता, सायेब. तिकडच्या दवाखान्यात म्हटले, लंगोटानं झालं.”

प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे मी वंशावळ काढली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, नात्यातलं लग्न असेल तर दोघांमध्ये एक रेघ नाही, दोन रेघा. सगळ्यात वर पणजी-पणजोबा. त्यांच्यापासून एक फांदी आजीकडे, एक आजीच्या भावाकडे. दोन्ही फांद्या खाली येऊन पुन्हा याच नवरा-बायकोत जुळलेल्या. आणि तळाशी दोन मुलं, दोघांनाही तोच आजार. कागद माझ्याशी बोलायला लागला.

सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुकं सारखी असतात. प्रत्येक माणसाच्या अंगात काही बिघडलेली जनुकं असतातच, पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने एक बिघडली तरी दुसरी काम भागवते. पणजीच्या किंवा पणजोबांच्या अंगातली अशी एक बिघडलेली प्रत दोन वाटांनी खाली उतरली आणि एकाच बाळात दोन्हीकडून येऊन पडली, तर भागवायला कोणी उरत नाही. नात्यातल्या लग्नांत जन्मजात गंभीर दोषांचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. म्हणजे बहुसंख्य मुलं तिथेही धडधाकट जन्मतात, हेही तितकंच खरं. मामाच्या मुलीशी लग्न केलेली शेकडो जोडपी मी पाहिली आहेत, त्यांची पोरं माझ्यासमोर वाढली आहेत. म्हणूनच हा मुद्दा आम्ही डॉक्टर धड विचारत नाही. विचारला की घरच्यांना वाटतं ठपका ठेवताहेत, न विचारला की असं होतं.

आधी एचआयव्ही, मग प्रतिपिंडांची पातळी, मग पांढऱ्या पेशी जंतू मारतात की नाही याची चाचणी. कारण वारंवार गळवं आणि आतड्याची सूज असलेला आणखी एक जन्मजात आजार आहे, त्यात या पेशी नुसत्याच जंतू गिळून बसतात. सगळं ठीक निघालं. मुंबईत दुर्बीण घातली तेव्हा मोठ्या आतड्यात खोल, खडबडीत जखमा दिसल्या. जिवंत जंतूंच्या लशी तेवढ्या थांबवल्या आणि रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. अहवाल यायला महिना लागला. तोवर बागेत मणी फुगले होते.

अहवालात नाव होतं इंटरल्यूकिन-१० या रसायनाच्या रिसेप्टरचं, म्हणजे पेशीवर ते जिथे जाऊन बसतं त्या दाराचं, त्याच्या अल्फा साखळीच्या जनुकाचं. दोन्ही प्रतींत जनुकाच्या मजकुरातलं एकच अक्षर चुकलेलं. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे त्यांची एकेकच प्रत बिघडलेली.

शांत करणारं रसायन

१९८९ साली कॅलिफोर्नियात टिम मॉसमन आणि सहकाऱ्यांना रोगप्रतिकारक पेशींमध्ये एक असा पदार्थ सापडला जो दुसऱ्या पेशींची रसायनं अडवत होता. त्यांनी त्याचं नावही तसंच ठेवलं, सायटोकाइन बनणं रोखणारा घटक. पुढे त्याला इंटरल्यूकिन-१० म्हणू लागले. त्याचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. पेशीच्या पृष्ठभागावर तो ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतो त्याच्या दोन साखळ्या. एकीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर, दुसरीचं २१व्या. रिसेप्टरला निरोप मिळाला की आत स्टॅट-३ नावाचा निरोप्या केंद्रकाकडे धावतो आणि टीएनएफसारख्या दाह पेटवणाऱ्या रसायनांचं उत्पादन खाली येतं.

हे मी वडिलांना सांगत होतो. हातात द्राक्षाच्या पेट्यांचं पावती पुस्तक घेऊन बसलेला माणूस, शिक्षण बारावी, पण ऐकून घेण्याची ताकद दांडगी. ते म्हणाले, “सर, म्हणजे ड्रिपचा व्हॉल्व. पाणी सोडलं, झाडाला मिळालं, आता बंद व्हायला पाहिजे. तो बंदच होत नाही.”

“हो. पण व्हॉल्व दोन कारणांनी बंद होणार नाही. एक, बंद करायला माणूसच गेला नाही. दोन, माणूस गेला, पण व्हॉल्व गंजलेला आहे.”

“आपलं दुसरं.”

त्यांचं बरोबर होतं, आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. मुलीच्या रक्तात इंटरल्यूकिन-१० होतं, भरपूर होतं. शरीर बिचारं माणसामागून माणूस पाठवत होतं. घेणारं दारच मोडकं. मग बाहेरून त्याचंच इंजेक्शन दिलं तर? काही उपयोग नाही. प्रयोगशाळेत अशा बाळांच्या पेशी घेऊन त्यांना जिवाणूच्या कवचाचा तुकडा दाखवतात आणि वरून इंटरल्यूकिन-१० घालतात. तुमच्या-माझ्या पेशी शांत होतात. या पेशी टीएनएफ ओततच राहतात.

पण पेटवतं कोण? कल्चरमध्ये जंतू नव्हता, मग भांडण कोणाशी? याचं उत्तर उंदरांनी आधीच दिलं होतं. १९९३ मध्ये जर्मनीत इंटरल्यूकिन-१०चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, त्यांच्या आतड्याला जुनाट सूज आली. पुढे १९९८ मध्ये असेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवून पाहिले आणि सूज आलीच नाही. आतड्यात राहणारे साधे, रोजचे, निरुपद्रवी जिवाणूच पुरे होते. आपल्या आतड्यातल्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी या शेजाऱ्यांना दिवसरात्र पाहतात आणि कानाडोळा करतात. हा कानाडोळा आपोआप होत नाही, इंटरल्यूकिन-१० तो शिकवतं. आमच्या बाळाचं आतडं जन्मल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत जिवाणूंनी भरलं, आणि बाराव्या दिवशी शी पातळ झाली. तारखासुद्धा जुळतात. मी त्या तारखांकडे आईच्या चहाच्या अंगाने बघत होतो.

माणसांतला पुरावा २००९चा. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी अशाच लहानपणी सुरू झालेल्या आतड्याच्या आजाराची कुटुंबं तपासली. त्यातली दोन नात्यातल्या लग्नांची. ९ रुग्णांपैकी ४ जणांत रिसेप्टरच्या या किंवा त्या साखळीच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या. एका मुलाला सख्ख्या भावंडाच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दिल्या आणि त्याचा आजार शमला. पुढच्या काही काळात खुद्द इंटरल्यूकिन-१०चंच जनुक बिघडलेली बाळंही सापडली. एकदा नाव कळल्यावर चित्र ओळखायला सोपं: जन्मानंतर पहिल्या तीनेक महिन्यांत रक्ताचे जुलाब, गुदद्वाराशी फोड आणि भगंदर, अंगावर पुळ्या, वजन न वाढणं, स्टिरॉइड आणि टीएनएफविरोधी इंजेक्शनांना दाद न देणं. आमच्या फाईलमध्ये यातलं बहुतेक सगळं होतं, फक्त वेगवेगळ्या तारखांच्या पानांवर.

खुंट आणि वाण

दाह मोजणारे आकडे स्टिरॉइडने जरा खाली आले आणि डोस कमी करताच उसळले. शी भगंदरावरून जाऊ नये म्हणून सर्जननी पोटावर वाट काढून दिली, पोटाला पिशवी लागली. आजींना ती पिशवी बघवत नसे. आई मात्र चार दिवसांत ती बदलायला शिकली, आणि खरं सांगायचं तर त्या पिशवीनेच वजनाची रेघ पहिल्यांदा वर वळवली.

पण हे सगळं वेळ काढणं होतं. थांबून राहण्यात आणखी एक धोका असतो: या आजाराच्या मुलांत पुढे बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. शांत करणारा निरोप पोचत नसला की दाह नुसता आतडं खात नाही, वाढणाऱ्या पेशींवरची नजरही सुटते. त्यामुळे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लांबवू नये, असं मुंबईच्या डॉक्टरांचं मत पडलं. का उपयोग होतो, तर गंजलेले व्हॉल्व आहेत ते मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर, आणि त्या पेशी मज्जेतून येतात. मज्जा बदलली की हळूहळू आतड्यातल्या मॅक्रोफेजही नव्या येतात.

वडिलांनी पुन्हा बाग मधे आणली. निफाडकडे बहुतेक बागा डॉगरिजच्या खुंटावर असतात; मुळं रानटी जातीची, क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारी, वरती थॉमसनचं नाहीतर दुसऱ्या कुठल्या वाणाचं कलम. “म्हणजे खुंट दुसऱ्याचा, वाण आपला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आणि खुंटानं वाण धरलाच नाही तर?”

इतका नेमका प्रश्न मला एमडीच्या तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. इथे दोन्ही बाजूंनी बिघडू शकतं, मी सांगितलं. शरीर नव्या पेशींना हाकलून लावू शकतं. आणि बागेत होत नाही असं एक इथे होतं: खुंटच वाणाला परका समजून खायला उठतो. कातडी, यकृत, आतडं. म्हणून जुळणी महत्त्वाची.

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. पण भावंड उरलंच नव्हतं. नात्यातल्या लग्नांत आई-वडिलांपैकी कोणीतरी पूर्ण जुळण्याची शक्यता इतरांपेक्षा जरा बरी असते, तेही इथे झालं नाही. वडील निम्मे जुळले. आता निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट करतात. पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जुनं कॅन्सरचं औषध देतात, ज्याने सर्वांत आक्रमक झालेल्या पेशी मरतात आणि बाकीच्या नांदतात. वडील स्वतः वाहक, म्हणजे त्यांच्या पेशींत एक प्रत बिघडलेली, तरी चालतील का, असं आईने विचारलं. चालतात. वडील ३१ वर्षांचे आणि ठणठणीत आहेत, हाच त्याचा पुरावा. एक प्रत पुरते.

पैशाची कहाणी मी थोडक्यात सांगतो, कारण ती या राज्यातल्या प्रत्येक अशा घराची असते. मुख्यमंत्री सहायता निधी, दोन-तीन ट्रस्ट, व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाची उचल, आणि आजींच्या पाटल्या. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, एकदाच करायच्या उपचारांसाठी त्यात मदतीची सोयही आहे. पण ते कागद हलवायला घरात एक माणूस पूर्णवेळ मोकळा लागतो. इथे तो माणूस म्हणजे बाळाचा मामा होता. त्याच्याकडे येतोच.

११व्या महिन्यात ट्रान्सप्लांट झालं. १७व्या दिवशी नव्या पेशी दिसल्या. मधे एक विषाणू वर आला, एकदा अंगभर लाल पुरळ उठलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुरळ औषधाने आवरलं. १००व्या दिवशी रक्तातल्या पेशी जवळजवळ पूर्णपणे वडिलांच्या होत्या. मुलीचा रक्तगट जन्माने बी पॉझिटिव्ह, हळूहळू तो ओ पॉझिटिव्ह झाला. आजींना हे काही केल्या पटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र बदलत नाही. तिच्या बीजांडांत जुनीच जनुकं आहेत, आणि ट्रान्सप्लांटच्या औषधांचा त्यांच्यावर काय परिणाम झालाय ते मोठेपणीच कळेल. पुढेमागे तिला मुलं झालीच तर प्रत्येकाला एक बिघडलेली प्रत जाईल. हे तिला सांगायचं आहे. ती अजून ‘मम’ आणि ‘भूर’ एवढंच बोलते.

मामाचा लाल रिपोर्ट

बाळाचा मामा पुण्यात आयटीत. कागदपत्रांची धावाधाव त्यानेच केली. ट्रान्सप्लांटनंतर महिनाभराने तो मला भेटायला आला, मोबाईलवर ४० पानी पीडीएफ घेऊन. घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून केलेली तपासणी. त्यात इंटरल्यूकिन-१०च्या रकान्यात लाल रंगात: दाह नियंत्रण कमकुवत. त्याला रोज अॅसिडिटी होत होती, रात्रीची झोप उडाली होती, आणि इंटरनेटवरून हळदीच्या अर्काच्या गोळ्या मागवून झाल्या होत्या.

“डॉक्टर, मलाही तेच आहे ना?”

नाही. आणि हे समजावायला मला बाळाच्या आजारापेक्षा जास्त वेळ लागला. त्या तपासणीने पाहिली होती ती इंटरल्यूकिन-१०च्या जनुकाच्या आधीची तीन अक्षरं, जनुक जिथे सुरू होतं तिथून मागे मोजत १०८२, ८१९ आणि ५९२ क्रमांकांची. यातली शेवटची दोन बहुधा एकमेकांचा हात धरूनच पिढ्यान्‌पिढ्या चालतात. ही अक्षरं बदलली तर उत्पादन थोडं कमी-जास्त होतं असं म्हणतात, आणि त्यावरही प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. असे बदल जगभरात करोडो लोकांत आहेत. मी माझं पाहिलेलं नाही. माझंही लाल निघू शकतं. बाळाच्या बाबतीत रिसेप्टरचं जनुक बिघडलं होतं, तेही दोन्ही प्रतींत. ते जनुक वेगळं, गुणसूत्रही वेगळं.

मोठ्या लोकसंख्येत या जनुकाचा आजारांशी संबंध नाही असं नाही. २००८ मध्ये हजारो रुग्णांच्या तपासणीत इंटरल्यूकिन-१०च्या शेजारचे बदल मोठ्या आतड्याला जुनाट सूज आणि जखमा करणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसशी जोडलेले दिसले. नंतर ल्युपस आणि बेहचेट या, रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांच्या यादीतही हा पत्ता आला. पण धोक्यातला फरक किंचित, आणि गंमत म्हणजे आतड्याच्या सुजेकडे थोडं ढकलणारं तेच अक्षर टाईप १ मधुमेहापासून थोडं लांब नेतं. त्याला लाल रंगवायचं की हिरवा? इटलीत शंभरी गाठलेल्या पुरुषांत जास्त इंटरल्यूकिन-१० बनवणारं अक्षर अधिक सापडलं. फिनलंडमधल्या नव्वदीपार लोकांत तसा काही संबंध दिसला नाही.

शिवाय जास्त म्हणजे चांगलं, हाही गैरसमज. काळा आजार झालेल्या रोग्यांत इंटरल्यूकिन-१० चढलेलं असतं आणि त्याच्या आडोशाला परजीवी सुखाने राहतात. एप्स्टाईन-बार विषाणूने तर या जनुकाची नक्कलच आपल्या अंगात बाळगली आहे. ज्याला मारायला सैन्य येणार, त्यानेच सैन्याला ‘आराम’चा हुकूम सोडायचा. क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या आणखी एका जुनाट सुजेच्या, रोग्यांना हे रसायन औषध म्हणून टोचूनही पाहिलं, फारसा फायदा झाला नाही. शरीरात ते कुठे, कधी आणि कोणाच्या कानात पडतं याला महत्त्व आहे. बाटलीतून ओतून ते साधत नाही.

“मग माझी अॅसिडिटी?”

रात्रपाळी, सहा कप कॉफी आणि सुट्टीला घरी आला की सकाळी नऊला झणझणीत मिसळ, वर तर्री दोनदा. याला जनुक लागत नाही.

पण त्या ४० पानांत एक पान नव्हतं, आणि त्याला खरं हवं होतं तेच ते होतं. तो बाळाच्या आईचा सख्खा भाऊ. तो रिसेप्टरच्या त्या बिघाडाचा वाहक असण्याची शक्यता निम्मी. त्याच्या थुंकीच्या तपासणीने ते अक्षर पाहिलंच नव्हतं. नको तिथे लाल, आणि हवं तिथे कोरं. कुटुंबातला नेमका बिघाड आता माहीत असल्याने तेवढं एकच अक्षर तपासणं सोपं आणि स्वस्त असतं. त्याने केलं. वाहक निघाला. त्याच्या तब्येतीला याने काही होत नाही. बायको नात्याबाहेरची असेल तर मुलांनाही बहुधा काही होणार नाही. हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा नीट बसला.

आजींचा प्रश्न

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा वजन ९ किलो १००. पोटावरची वाट बंद केली होती, भगंदर भरलं होतं, मागे फक्त एक वळ. ती माझा स्टेथोस्कोप ओढत असताना आजींनी सुनेला औषधं आणायला खाली पाठवलं आणि खुर्ची पुढे घेतली.

धाकट्या मुलासाठी भावाची धाकटी पोर, म्हणजे सुनेची बहीण, लहानपणापासून बोलून ठेवलेली. मुलगी आता २१ वर्षांची. “आता काय करू? मोडू का? भावाला काय तोंड दाखवू?”

मी कागदावर पुन्हा चौकोन-गोल काढले. धाकटा मुलगा वाहक असण्याची शक्यता निम्मी, मुलीचीही निम्मी. दोघंही वाहक असण्याची पाव. तसं झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पुन्हा पाव. आणि तिथेही ११-१२ आठवड्यांत वारेचा तुकडा तपासून आधी कळू शकतं. आत्ता काहीच न तपासता धरलं तर सोळांत एक. दोघांपैकी एक जरी वाहक नसला, तर हा आजार त्यांच्या मुलांना होणार नाही.

“मग दोघांचं रगत घ्या.”

धाकटा मुलगा पुढच्या आठवड्यात आला आणि नमुना देऊन गेला. मुलगी तिच्या वडिलांबरोबर आली. वडिलांना मी बाहेर बसायला सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही. आत तिला विचारलं, हे कशासाठी आहे ते माहीत आहे का. तिला सगळं माहीत होतं. ताईच्या बाळाच्या पिशव्या तिने बदलल्या होत्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

“मला तपासायचंय, सर,” ती म्हणाली. “पण त्या लग्नासाठी नाही. ते मी नाहीच म्हणणार आहे, रिपोर्ट काही येवो. मला माझं माझ्यासाठी कळायला पाहिजे. फक्त निकाल माझ्या नंबरवर द्या. पप्पांच्या नको, आत्यांच्या तर नकोच.”

तिच्या नळीवर मी तिचाच नंबर लिहिला. निकाल आला, तो तिला फोनवर सांगितला. त्यानंतर आजी दोनदा नातीला घेऊन आल्या आणि दोन्ही वेळा उठता उठता हळूच विचारलं, “पोरीचं काय आलं हो?” दोन्ही वेळा मी म्हणालो, तिला विचारा.